अभिप्राय वहीने सेवा सुधारत नाही

माननीय संपादक,

रुग्णांना सोबत घेऊन आरोग्यसेवा आखायला शिकवणारे अभ्यासक्रम हल्ली निघू लागले आहेत. चांगलेच आहे, पण त्यांतले बरेचसे वर्गातच संपतात. ही विद्या एका प्रत्यक्ष सेवेवर, ती वापरणाऱ्यांच्या शेजारी बसूनच येते, हे सांगण्यासाठी हे पत्र.

शिकायला अख्ख्या आजाराऐवजी सेवेतला एखादा छोटा टप्पा घ्या. मधुमेहींची रक्ततपासणी पाहा. उपाशीपोटी एक नमुना दिला की दुसरा जेवणानंतर दोन तासांनी द्यायचा. हे दोन तास पहिला घास घेतल्यापासून मोजायचे असतात, पण बरेच जण जेवण संपल्यापासून मोजतात. वेळेवर परतलेल्यालाही पुन्हा त्याच रांगेत उभे केले, तर दोनाचे तीन तास होतात आणि साखरेचा आकडा फसवा येतो. बसायला जागा नसल्याने जो घरी गेला, त्याच्या नावापुढे ‘रुग्ण आला नाही’ अशी नोंद होते. अभिप्राय वहीत यातले काही सापडत नाही. तिथे फार तर ‘गर्दी फार’ एवढेच असते.

अनुभवावर आधारलेल्या सहरचनेची (रुग्ण आणि कर्मचारी यांनी मिळून सेवा आखण्याची) पद्धत पॉल बेट आणि ग्लेन रॉबर्ट या संशोधकांनी २००५-०६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये ल्यूटनच्या रुग्णालयात, डोके व मानेच्या कर्करोगाच्या सेवेत वापरून पाहिली. तिचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी काही दिवस नुसते निरीक्षण: लोक कुठे अडतात, दारावरच्या रखवालदाराला काय विचारतात. (त्या रखवालदाराला बैठकीला मात्र कोणी बोलावत नाही.) मग मुलाखती. ‘सेवा कशी वाटली?’ असे विचारले की ‘छान’ हेच उत्तर येते. ‘त्या दिवशी आल्यापासून काय काय झाले?’ असे विचारा. रुग्णांच्या मुलाखतींचे चित्रीकरण लेखी संमतीने करून साधारण अर्ध्या तासाची फीत तयार करतात. ती आधी त्या रुग्णांनाच दाखवायची आणि नको तो भाग काढायचा हक्क त्यांना द्यायचा.

रुग्णांची बैठक वेगळी, कर्मचाऱ्यांची वेगळी, आणि दोन्ही झाल्यावरच एकत्र बैठक. घाईने पहिल्याच दिवशी सगळ्यांना एका टेबलाशी बसवले की डॉक्टर बोलतात आणि रुग्ण माना डोलावतात. एकत्र बैठकीत फीत सगळ्यांनी पाहायची, मग चार-सहा प्रश्न निवडून प्रत्येकासाठी छोटा गट करायचा. गटात रुग्ण किमान दोन-तीन हवेत, एकटा असला की गप्प बसतो. पूर्ण फेरीला नऊ ते बारा महिने लागतात. दोन दिवसांच्या कार्यशाळेत ती उरकणार नाही.

गटाने उपाय आधी साध्या कागदी स्वरूपात करून पाहावा. वरच्या उदाहरणात दुसऱ्या नमुन्याची ठरलेली वेळ मोठ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी, ‘पहिल्या घासापासून दोन तास’ ही सूचना आणि परतणाऱ्यांसाठी वेगळी खिडकी. एक सकाळ चालवून बघितले की चिठ्ठीवरचे काय वाचले जात नाही ते लगेच दिसते.

बिघडते ते बहुधा ठरावीक ठिकाणी. दर वेळी तोच बोलका, शिकलेला, मोकळा वेळ असलेला ‘रुग्ण प्रतिनिधी’ येतो. रोजंदारीवर जाणारा येत नाही, कारण बैठक कामाच्या वेळेत असते आणि प्रवासखर्चही मिळत नाही. तज्ज्ञाला मानधन आणि रुग्णाला चहा, हा प्रकार थांबायला हवा. दुसरे, खर्चाला मंजुरी देणारा अधिकारी शेवटच्या दिवशी उगवतो आणि सगळे नाकारतो. त्याला पहिल्या बैठकीपासून बसवा आणि काय बदलता येणार नाही (इमारत, पदसंख्या, औषधांची यादी) हे त्याच्याच तोंडून आधी सांगवा. लोक मर्यादा समजून घेतात. त्यांना राग येतो तो सुचवलेल्याचे पुढे काय झाले हे कोणी न कळवल्याचा.

शिकणाऱ्यांचे मूल्यमापन अहवालाच्या जाडीवरून करू नये. बदल सुरू झाल्यावर तीन महिन्यांनी त्याच खिडकीपाशी जाऊन दुसरा नमुना किती जणांनी वेळेत दिला ते मोजावे, आणि या मोजणीची तारीख अभ्यासक्रम सुरू होतानाच वेळापत्रकात घालावी.

— आरोग्यसेवा रचना शिकवणारे काही प्रशिक्षक