मनोरुग्ण बातमीत कसा येतो, हे सरकारच्याही हाती आहे

प्रति,
माननीय माहिती व प्रसिद्धी मंत्री,
गोवा सरकार, सचिवालय, पर्वरी.

विषय: मानसिक आजार व आत्महत्या यांविषयीच्या बातम्या आणि त्यांतील सरकारचा वाटा

महोदय,

गोव्यातील मराठी घरांत वर्तमानपत्र अजूनही सकाळच्या चहासोबत येते आणि गावच्या वाचनालयात ते दुपारपर्यंत हातोहात फिरते. ज्यांच्या घरात मानसिक आजाराचा रुग्ण नाही, किंवा असूनही त्याविषयी बोलले जात नाही, अशा बहुसंख्य वाचकांची या आजाराशी ओळख होते ती या पानांतूनच, आणि तीही बहुधा गुन्हेवार्तांच्या स्तंभात. ही ओळख कशी करून दिली जाते, यात आपल्या खात्याचा आणि सरकारच्या इतर खात्यांचा वाटा आपण समजतो त्याहून मोठा आहे, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

‘माथेफिरूचा धुमाकूळ’, ‘वेडसर इसमाचा हल्ला’ अशा धर्तीचे मथळे आपल्याही नजरेखालून जात असतील. आरोपीला मधुमेह असेल तर तो मथळ्यात येत नाही. पण त्याने कधीकाळी बांबोळीच्या मनोरुग्णालयात उपचार घेतले होते एवढे कळले, की तीच मुख्य बातमी होते आणि गुन्ह्याचे कारणही तेच ठरते. प्रत्यक्षात मानसिक आजार असलेली बहुतेक माणसे कोणाच्याही अंगावर जात नाहीत. उलट त्यांनाच मारहाण, फसवणूक आणि छळ अधिक सोसावा लागतो. ही बाजू वर्तमानपत्रात क्वचित दिसते.

माझ्या माहितीतील एक गृहस्थ फोंडा तालुक्यातील एका कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, कामाला आहेत. त्यांना स्किझोफ्रेनिया आहे. औषधे नियमित चालू आहेत, सुपारीची पाडणी, सोलणी, मोजणी ते बिनचूक करतात आणि मजुरीचा हिशेब स्वतः ठेवतात. अशी एखादी ‘माथेफिरू’ बातमी पहिल्या पानावर आली, की त्यांची बहीण ते वर्तमानपत्र दडवून ठेवते. भावाने ते वाचू नये यापेक्षा, त्या दिवशी घरी येणाऱ्यांनी त्याच्यासमोर तो विषय काढू नये, हा तिचा हेतू असतो. त्या गृहस्थांची बातमी कधी होणार नाही, हे मला समजते. नियमित औषध घेऊन कामावर जाणे यात बातमी ती काय? पण वाचकाला वर्षानुवर्षे केवळ दुसऱ्या प्रकारचीच माणसे दिसत राहिली, तर आपल्या मुलाला झोप लागत नाही, तो एकटाच बडबडतो, हे डॉक्टरांना सांगायला कोणती आई पुढे येईल? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात निरनिराळ्या मानसिक आजारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नाहीत, असे दिसून आले होते. डॉक्टरांची कमतरता हे त्याचे एक कारण आहेच, पण लाज आणि भीती हेही कारण आहे, आणि त्यांना खतपाणी घालणाऱ्या मजकुराची जबाबदारी कोणीच घेत नाही.

आत्महत्येच्या बातमीचा प्रश्न याहून गंभीर आहे. ‘नापास झाल्याने’, ‘मोबाईल न दिल्याने’, ‘प्रेमभंगातून’ असे एकच कारण मथळ्यात दिले जाते आणि खाली जागा, पद्धत, शेवटची चिठ्ठी असा सगळा तपशील येतो. आत्महत्येमागे आजार, कर्ज, दारू, घरातील हिंसा, एकाकीपण अशी अनेक कारणे एकत्र आलेली असतात. पोलिसांचा पंचनामा सुरू असतानाच त्यांतील एक उचलून छापणे, म्हणजे त्याच अडचणीत असलेल्या दुसऱ्या वाचकाला तोच मार्ग दाखवणे होय. आपल्या राज्यातील एका पुलाविषयी काही वर्षे ज्या प्रकारच्या बातम्या येत आहेत, त्यांमुळे त्या पुलाला एक विशेषणच चिकटले आहे. त्याचे नाव मी येथे मुद्दाम लिहीत नाही.

बातमीची भाषा बदलल्याने खरोखर जीव वाचतात का, ही शंका रास्त आहे. व्हिएन्ना शहरात भुयारी रेल्वेवरील आत्महत्यांचे वार्तांकन सनसनाटी होत असे. १९८७ मध्ये तेथील तज्ज्ञांनी वर्तमानपत्रांसाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या, संपादकांनी त्या पाळल्या, आणि पुढील सहा महिन्यांत भुयारी रेल्वेवरील आत्महत्या व तसे प्रयत्न ८० टक्क्यांहून अधिक घटले. शब्दांच्या सूचनेने मनावर काय परिणाम होतो, हे गोव्याला परक्याने सांगावे असे नाही: कांदोळीत १७५६ मध्ये जन्मलेल्या, संमोहनाचे आद्य अभ्यासक आबे फारिया यांनी पॅरिसला जाऊन तेच सांगितले, आणि त्यांचा पुतळा पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी उभा आहे.

आपल्याकडे नियम नाहीत असे मुळीच नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम २४ नुसार मानसिक आरोग्य संस्थेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा अन्य माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. भारतीय प्रेस कौन्सिलने सप्टेंबर २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालाच्या आधारे सूचना स्वीकारल्या: आत्महत्येची बातमी ठळकपणे मांडू नये, पद्धतीचे वर्णन करू नये, जागेचा तपशील देऊ नये, मथळा सनसनाटी करू नये. पुढच्याच वर्षी, जून २०२० मध्ये अभिनेता सुशांतसिंह राजपूत यांचा मृत्यू झाला आणि या सूचनांचे काय झाले ते साऱ्या देशाने पाहिले. प्रेस कौन्सिल ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही. आणि दूरचित्रवाहिन्या तर तिच्या कक्षेतच येत नाहीत.

म्हणून आपण वर्तमानपत्रांवर बंधने घालावीत, असे मी सुचवत नाही. ते कोणत्याही सरकारच्या हाती देऊ नये, या मताचा मी आहे. माझे म्हणणे सरकारच्या स्वतःच्या हातातील गोष्टींविषयी आहे. आत्महत्येच्या बातमीतील नाव, गाव, पद्धत आणि कारण ही माहिती वार्ताहराला बहुतेक वेळा पोलिसांकडूनच मिळते. ठाण्यातून तपशील सुटतो तेव्हा तो छापणाऱ्याला एकट्याला दोष देता येत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचेच कलम ३० सांगते, की सरकारने दूरचित्रवाणी, रेडिओ, छापील व ऑनलाइन माध्यमांतून या कायद्याची नियमित प्रसिद्धी करावी, मानसिक आजाराविषयीचा कलंक कमी करणारे कार्यक्रम आखून त्यांना निधी द्यावा, आणि पोलिसांसह सरकारी अधिकाऱ्यांना ठरावीक काळाने प्रशिक्षण द्यावे. दहा ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनी मंत्र्यांच्या छायाचित्रासह शुभेच्छांची जाहिरात दिल्याने या कलमाची पूर्तता होत नाही, हे थोडे स्पष्टच लिहितो.

आपण गृह खात्याशी बोलून पोलिसांसाठी एक परिपत्रक काढून घ्यावे: आत्महत्येच्या प्रकरणात पद्धत, चिठ्ठीतील मजकूर आणि तर्काने ठरवलेले कारण माध्यमांना देऊ नये, आणि आरोपीच्या मानसिक उपचारांची माहिती ठाण्यातून बाहेर जाऊ नये. अशा प्रकरणात पोलीस माध्यमांना जे निवेदन देतील त्याखाली टेली मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक असावा. ती ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पण आमच्या वाचनालयात येणाऱ्या किती जणांना तो पाठ असेल, याची मला शंकाच आहे. आपले खाते वर्षभर सरकारी जाहिराती देते. त्यांतील थोडी जागा बांबोळीच्या मनोरुग्णालयातील डॉक्टरांच्या साध्या मराठी व कोंकणी स्तंभासाठी दर आठवड्याला राखून ठेवता येईल. त्यात औषधे किती काळ घ्यावी लागतात, ती मोफत कोठे मिळतात, घरच्यांनी रुग्णाशी कसे वागावे, अशा प्रश्नांची उत्तरे असावीत. उद्घाटनांची छायाचित्रे नसावीत. तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या वार्ताहरांसाठी मार्गदर्शन शिबिर घ्यायचे झाल्यास त्यांच्या जाण्यायेण्याचा खर्च खात्याने द्यावा, कारण यांतील अनेकांना बातमीमागे तुटपुंजे मानधन मिळते आणि पणजीला येणे त्यांना परवडत नाही.

दहावी-बारावीचे निकाल दरवर्षी लागतात आणि त्यानंतरच्या आठवड्यात कोणत्या प्रकारच्या बातम्या येऊ शकतात, हे सर्वांना ठाऊक आहे. वरीलपैकी निदान पोलिसांसाठीचे परिपत्रक तरी यंदाच्या निकालांपूर्वी निघावे, आणि त्याची प्रत वर्तमानपत्रांतून प्रसिद्ध करावी, ही विनंती.

आपला,
एक वर्तमानपत्र वाचक,
फोंडा, गोवा