निळ्या उजेडात काळे दिसले म्हणजे फ्लोरोसिसच, असे नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दातांवरचे पांढरे डाग निळ्या प्रकाशाच्या कॅमेऱ्याने टिपायचे आणि पडद्यावरच्या आकड्यावरून फ्लोरोसिस (दात घडताना जास्त फ्लोराइड पोटात गेल्याने येणारा दोष) ठरवून मोकळे व्हायचे, ही पद्धत तपासणी शिबिरांतून रुळू पाहते आहे. साधन चांगलेच आहे, पण ते नेमके काय मोजते हे ध्यानात न घेता वापरले, तर निदान हमखास चुकते.

या कॅमेऱ्यात साधारण 405 नॅनोमीटरचा जांभळट-निळा उजेड दातावर पडतो आणि 520 च्या आसपासची पिवळी काच तो परतणारा निळा उजेड अडवते. निरोगी दात मग हिरवट चमकतो. ही चमक मुख्यतः इनॅमलखालच्या, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणाखालच्या, डेंटिन या आतल्या थराची. इनॅमल सच्छिद्र असेल तिथे उजेड विखुरतो, आतपर्यंत पोचत नाही आणि तो भाग काळपट दिसतो. म्हणजे यंत्र सच्छिद्रता दाखवते, तिचे कारण नव्हे. सुरुवातीची कीड, दाढा आणि पटाशीच्या (पुढच्या) दातांत खनिजे कमी पडल्याचा दोष, तपकिरी डाग, सगळेच काळे दिसतात. लाल चमक दिसली तर ती जिवाणूंनी बनवलेल्या पॉर्फिरिन या रंगद्रव्याची, म्हणजे किटणाची. तिचा फ्लोरोसिसशी संबंध नाही. कीड शोधणाऱ्या 655 नॅनोमीटरच्या लेझर पेनचा 0 ते 99 हा आकडाही त्याच जातीचा. पॉलिशिंग पेस्ट राहिली तरी तो चढतो.

खरी मेख पुढेच आहे. सॉफ्टवेअर डागाची तुलना शेजारच्या निरोगी इनॅमलशी करते. किडीचा डाग मर्यादित असतो, त्यामुळे तिथे हे जमते. फ्लोरोसिसमध्ये मात्र सगळा पृष्ठभागच ढगाळलेला असू शकतो. मग तुलनेला निरोगी जागाच उरत नाही आणि आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. दात जितका सरसकट बाधित, तितका हा धोका मोठा.

दुसरी चूक ओलाव्याची. इनॅमलचा अपवर्तनांक (उजेड किती वळतो याचे माप) 1.62, पाण्याचा 1.33, हवेचा 1.00. छिद्रांतले पाणी जाऊन हवा शिरली की हा फरक वाढतो आणि डाग ठळक होतो. म्हणून आधी दात स्वच्छ करावेत, चूळ भरायला सांगावी, कापसाचे बोळे लावावेत आणि प्रत्येक दात सारखाच वेळ वाळवावा. तोंड फार वेळ उघडे राहिले तर निरोगी पटाशीही खडूसारखी दिसू लागते. फ्लोरोसिसची तीव्रता ठरवण्याच्या पद्धतींपैकी डीनच्या निर्देशांकात दात वाळवत नाहीत, थिलस्ट्रप-फेजेरस्कोव्हच्या (1978) निर्देशांकात वाळवतात. कोणता वापरला हे अहवालात नसेल, तर दोन शिबिरांची तुलना निरर्थक.

साध्या फोटोत फ्लॅशची झळाळी हीच पांढरा डाग म्हणून मोजली जाते. दिवा जरा हलवा: झळाळी सरकते, डाग जागचा हलत नाही. दिव्यावर आणि भिंगावर परस्परांना काटकोनात ध्रुवीकरण फिल्टर लावले तर झळाळी जातेच, पण एक्स्पोजर दर वेळी तेच ठेवावे लागते.

आणि कॅमेऱ्याआधी साधा दिवा तिरका धरून पाहावेच. फ्लोरोसिसच्या बारीक आडव्या रेघा तिरप्या उजेडात उमटतात, डाव्या-उजव्या जोडीच्या दातांवर सारख्या असतात आणि कडांना विरत जातात. ठळक कडेचा, एकाच दातावरचा, समोरच्या उजेडात स्पष्ट दिसणारा डाग बहुधा दुसऱ्याच कारणाचा. हिरडीलगत चंद्रकोरीसारखा पट्टा आणि त्यावर किटण असेल, तर आधी किडीचा संशय घ्यावा.

दातात दिसतो तो इनॅमल घडतानाचा, म्हणजे अक्कलदाढ वगळता साधारण आठव्या वर्षापर्यंतचा फ्लोराइड. आज पोटात किती जातो, हे कोणताही उजेड सांगणार नाही. त्यासाठी पिण्याच्या पाण्याचा नमुना प्लॅस्टिकच्या बाटलीत घेऊन आयन-इलेक्ट्रोडने (पाण्यातले फ्लोराइड मोजणाऱ्या उपकरणाने) तपासावा. जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मर्यादा लिटरला 1.5 मिलिग्रॅम आहे.

कळावे,
आपले दोन दंतवैद्य वाचक
(नावे प्रसिद्ध करू नयेत)