शिंपले द्या, वर्गणी द्या: पेठेतल्या घरोघरी एक विनंती

नमस्कार मंडळी,

गणपतीच्या वर्गणीला आम्ही दरवर्षी तुमच्या दारात येतो. यंदा दिवाळी झाल्यावर पुन्हा येणार आहोत, पण कारण वेगळं आहे. तालमीच्या अभ्यासिकेत येणाऱ्या 40 मुलांना रत्नागिरीला समुद्राची ओहोटी दाखवायला न्यायचं आहे.

विषय निघाला तो एका शिंपल्यावरून. आपल्या बहुतेकांच्या शोकेसमध्ये गणपतीपुळ्याहून, मालवणहून आणलेले शिंपले असतात. सातवीतल्या एका पोरीनं तसलाच दोन झाकणांचा शिंपला उघडून विचारलं, "ह्यात आता कोण राहतं?" आम्ही म्हटलं, कोणी नाही. मग शोध घेतला तेव्हा कळलं, आमचं उत्तर चुकलं होतं.

मेक्सिकोच्या आखातात आणि कॅरिबियन समुद्रात एक बुटका ऑक्टोपस असतो. त्याचं धड जेमतेम साडेचार सेंटिमीटर. असल्या रिकाम्या शिंपल्यात तो शिरतो आणि चोषकांनी दोन्ही झाकणं आतून ओढून दार लावून घेतो. मादी अंडी घालते तीही तिथेच, शिंपल्याच्या आतल्या बाजूला चिकटवून. मग ती अंड्यांपासून हलत नाही. त्यांच्यावर सतत पाणी फुंकते, हातांनी त्यांची साफसफाई करते आणि खाणंपिणं जवळजवळ सोडून देते. पिल्लं बाहेर पडली की थोड्याच दिवसांत ती मरते. काही जातींची पिल्लं आधी पाण्यात तरंगत वाढतात. ज्यांची अंडी मोठी असतात, त्यांची पिल्लं जन्मल्याबरोबर तळाशी चालू लागतात. आईच्या सोबतीनं वाढणं कुठल्याच पिल्लाच्या वाट्याला येत नाही. हे वाचून दाखवलं त्या संध्याकाळी अभ्यासिका एकदम गप्प झाली होती.

ती जात आपल्याकडची नाही. पण ऑक्टोपस कोकणच्या खडकांतही असतो. गेल्या हिवाळ्यात आम्ही तिघं पाहणीला गेलो होतो. एका मच्छीमार काकांनी कातळातली एक कपार दाखवली. तोंडाशी खेकड्यांच्या कवचांचा छोटा ढीग होता. "जेवून उष्टं दारात टाकतो," काका म्हणाले. आत टॉर्च मारला तर आडव्या बाहुलीचा एक डोळा आमच्याकडेच बघत होता. रंकाळ्याकाठी वाढलेल्या आपल्या पोरांनी हे स्वतःच्या डोळ्यांनी बघावं असं आम्हाला मनापासून वाटतं. यातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी समुद्रच पाहिलेला नाही.

अमावास्येच्या दिवशी पहाटे बस निघेल आणि आंबा घाटातून रत्नागिरीला जाईल. दुपारपर्यंत झाडगावचं मत्स्यालय आणि संध्याकाळी ओहोटीला खडक. कोणत्याही जिवाला हात लावायचा नाही, उलटलेला दगड परत तसाच ठेवायचा आणि एकही शिंपला उचलायचा नाही, हे मुलांना आधीच सांगितलं आहे. बस, जेवण आणि तळाला पकड असलेल्या चपला धरून एका मुलाचा खर्च 900 रुपये येतो. एका मुलाचा पूर्ण भार घ्या, नाहीतर शंभर रुपये द्या. पावती हातोहात मिळेल आणि हिशेब तालमीच्या फळ्यावर लागेल. कुणाकडे जादा टॉर्च किंवा भिंग असेल तर तेही चालेल. एखाद्या डॉक्टरांनी सोबत यावं, ही हात जोडून विनंती.

आणि शोकेसमधले शिंपले आम्हाला द्या. अभ्यासिकेत त्यांची पेटी करतोय, म्हणजे शिकवायला नवीन उचलून आणावे लागणार नाहीत. रोज संध्याकाळी 7 ते 9 तालमीत कोणीतरी असतंच. शिंपल्यांसोबत ते कुठल्या किनाऱ्यावरचे आहेत, तेवढं चिठ्ठीवर लिहून द्या; आठवत नसेल तर तसेच द्या.