पिल्लाचा शेवटचा डोस चुकवू नका

मा. संपादक, स.न.वि.वि.

पुण्यात हल्ली प्रत्येक सोसायटीत कुत्र्याची पिल्लं दिसतात, बरं वाटतं, पण लसीचं विचारलं की ठरलेलं उत्तर, "एक इंजेक्शन झालंय ना". अहो, एकाने भागत नाही! पिल्लाला आईच्या पहिल्या दुधातून जी प्रतिकारशक्ती मिळते तीच सुरुवातीला लसीला काम करू देत नाही आणि ती कुठल्या पिल्लाची कधी संपेल हे वरून कळत नाही, म्हणून 6 ते 8 आठवड्यांचं असताना पहिला डोस आणि मग दर 3-4 आठवड्यांनी पुढचे, पिल्लू 16 आठवड्यांचं होईपर्यंत. यातला शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, आणि लोक नेमका तोच टाळतात कारण तोवर पिल्लू घरभर उड्या मारत असतं.

आमच्या खालच्या मजल्यावरचं लॅब्रेडॉरचं पिल्लू पार्वोने, म्हणजे याच लसीने टळणाऱ्या आतड्याच्या विषाणूजन्य आजाराने, गेलं. विकणाऱ्याने दिलेल्या लसीकरणाच्या पुस्तिकेत तारखा नुसत्या पेनाने लिहिलेल्या, लसीच्या बाटलीवरचा स्टिकर नाही की डॉक्टरांची सही नाही. उलट्या, रक्ताचे जुलाब, पायाला सलाईन, हाक मारली तर फक्त डोळे हलायचे. पोरं अजून त्याचं नाव काढतात.

डोस पूर्ण होऊन आठ-दहा दिवस जाईपर्यंत तळजाईच्या टेकडीवर वगैरे खाली सोडू नका प्लीज, पार्वोचा व्हायरस मातीत महिनोन्महिने टिकतो, साध्या फिनाईलने मरत नाही, ब्लीच लागतं. कडेवर घेऊन खुशाल फिरवा, गाड्या-माणसं बघू दे, त्याचीही गरज असते. पावसाळ्यात उंदरांच्या लघवीतून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूंचा आजार) पसरतो, त्याची लस दरवर्षी लागते.

रेबीजची लस साधारण 3 महिन्यांना, वर्षाने बूस्टर, पुढचं डॉक्टर सांगतील तसं. याबाबतीत चालढकल नकोच, रेबीजची लक्षणं दिसली की कुत्रा काय नि माणूस काय, हातात काही राहत नाही. सोसायटीच्या गेटवरच्या ज्या कुत्र्यांना आपण रोज बिस्किटं घालतो त्यांनाही ही लस द्यायला हवी, वर्गणी काढून का होईना.

आपल्या पेपरात एखाद्या रविवारी शहरातल्या पशुवैद्यांकडून वयानुसार लसींचा तक्ता घेऊन छापाल का? लोक कापून फ्रिजवर लावतील.

आपली,
एक वाचक, सहकारनगर, पुणे