धबधब्यासाठी एनडी फिल्टर निवडताना

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पाऊस स्थिरावला की ठोसेघर, वजराई, रंधा अशा धबधब्यांवर कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन जाणाऱ्यांची संख्या वाढते आणि पाण्याची दुधाळ धार टिपायची म्हणून अनेक नवखे छायाचित्रकार पहिल्याच खरेदीत १० स्टॉपचा एनडी फिल्टर घेतात. फिल्टर जितका गडद तितके छायाचित्र चांगले, असा समज त्यामागे असतो आणि दुकानातही बहुधा त्याला दुजोराच मिळतो. पावसाळी सह्याद्रीपुरते बोलायचे तर हा समज चुकीचा आहे, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

एनडी फिल्टर म्हणजे रंगात फरक न पाडता लेन्समध्ये शिरणारा प्रकाश कमी करणारी काळपट काच. प्रत्येक स्टॉपमागे प्रकाश निम्मा होतो. त्यामुळे ३ स्टॉपच्या काचेतून आठवा भाग, ६ स्टॉपच्या काचेतून चौसष्टावा, तर १० स्टॉपच्या काचेतून जेमतेम हजारावा भाग आत येतो. घोटाळा होतो तो नावांमुळे. एकच काच एका डबीवर ‘एनडी ८’, दुसरीवर ‘०.९’ आणि तिसरीवर ‘३ स्टॉप’ म्हणून विकली जाते. ‘एनडी ८’ म्हणजे ८ स्टॉप असे समजून ती घेणारे मला अनेकदा भेटले आहेत.

खरेदीआधी ठरवायचे ते हे, की शटर किती वेळ उघडे राहायला हवे. ढगाळलेल्या दिवशी आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) १०० आणि अ‍ॅपर्चर एफ ११ (लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्राचा आकार) ठेवले, तर ठोसेघरच्या दरीत शटरचा वेग साधारण १/१५ सेकंद येतो. त्यावर ३ स्टॉपची काच चढवली की तो अर्ध्या सेकंदावर येतो आणि ६ स्टॉपची चढवली की चार सेकंदांवर. अर्ध्या सेकंदात पाणी मऊ दिसते, तरी त्याच्या वेगवेगळ्या सरी आणि कातळावर आपटून उडणारे तुषार ओळखू येतात. १० स्टॉपच्या काचेने मात्र शटर मिनिटाहून अधिक काळ उघडे राहते. तेवढ्या वेळात धार सपाट पांढरी होते, वाऱ्याने हलणारी कारवीची पाने पुसट होतात आणि काचेवर तुषारांचे थेंब जमतात. मी स्वतः पहिल्या वर्षी हेच केले. स्वस्तातल्या त्या काचेने अवरक्त किरण पुरेसे अडवले नाहीत, त्यामुळे हिरव्यागार दरीवर तपकिरी-जांभळट छटा चढली आणि ती संगणकावर दुरुस्त करूनही पूर्णपणे गेली नाही.

माझ्या मते धबधब्यासाठी एनडीच्याही आधी पोलरायझर, म्हणजे चकाकीचा परावर्तित प्रकाश अडवणारा फिल्टर, घ्यावा. ओल्या पानांवरची आणि कातळावरची चकाकी तो काढतो, आणि स्वतःच दीड ते दोन स्टॉप प्रकाश कमी करतो. गर्द झाडीत एवढ्यानेही काम भागते. त्याच्या जोडीला ३ किंवा ६ स्टॉपची एक चांगली काच पुरे. १० स्टॉपची काच उपयोगाची आहे, पण ती भर उन्हातल्या समुद्रासाठी, जिथे एफ १६ ला १/१२५ सेकंद येणारा वेग तिच्यामुळे आठ सेकंदांवर जातो.

फिरवून गडदपणा बदलणारा फिल्टर सोयीचा वाटतो. मात्र त्यात दोन पोलरायझर एकमेकांवर बसवलेले असतात आणि रुंद कोनाच्या लेन्सवर तो पुरता फिरवला की आकाशात काळी फुली उमटते. काचेचा आकार आपल्याकडच्या सर्वांत मोठ्या लेन्सप्रमाणे, बहुधा ७७ किंवा ८२ मिमी, घ्यावा आणि लहान लेन्सना स्टेप-अप रिंग, म्हणजे मोठी काच लहान लेन्सवर बसवणारे कडे, लावावी. प्रत्येक लेन्ससाठी वेगळी काच घेण्याची गरज उरत नाही.

एक धोका आवर्जून सांगायला हवा. १० स्टॉपचा फिल्टर सूर्यग्रहण पाहण्यासाठीही चालतो, असे काही जण सांगतात. तो चालत नाही. सौर फिल्टर साधारण एक लाखावा भागच प्रकाश जाऊ देतो. छायाचित्रणाची काच त्याच्या शंभरपट प्रकाश सोडते, शिवाय अवरक्त किरणही. त्यातून डोळ्याने सूर्याकडे पाहिल्यास दृष्टीला कायमची इजा होऊ शकते.

आपल्या पुरवणीत पावसाळ्यात वाचकांनी काढलेली धबधब्यांची छायाचित्रे येतात आणि नवखे त्यांवरूनच काय विकत घ्यायचे ते ठरवतात. तरी प्रत्येक छायाचित्राखाली शटरचा अवधी, अ‍ॅपर्चर आणि वापरलेला फिल्टर किती स्टॉपचा होता, एवढी एक ओळ छापावी, अशी नम्र विनंती आहे.

आपला,
एक छायाचित्रप्रेमी वाचक, सातारा