विषय : सार्वजनिक संगणकावरील आपली वेळ-नियंत्रण प्रणाली आणि आपल्या मदत कक्षाची उत्तरे

व्यवस्थापक महोदय,

आपल्या मदत कक्षाशी माझे चौथे संभाषण अर्ध्या तासापूर्वी संपले, म्हणजे पलीकडून फोन ठेवला गेला, म्हणून हे पत्र हाताने लिहीत आहे. ग्रंथालयातील संगणकांवर वेळ मोजणारी, वेळ संपताच यंत्र पुन्हा सुरू करून सर्व काही पुसणारी आणि संकेतस्थळे अडवणारी प्रणाली आपलीच असल्यामुळे तिची ओळख करून देत बसत नाही.

आधीच्या वाचकाचा पासवर्ड किंवा कागदपत्रे पुढच्याच्या हाती लागू नयेत, यासाठी ही पुसापुशी हवीच. परंतु मी नोकरीचा अर्ज भरत असताना ‘पाच मिनिटे शिल्लक’ ही सूचना आपल्या प्रणालीने ब्राउझरच्या खिडकीमागे उघडली. ती मला दिसली तेव्हा आकडा ००:४० वर आला होता, ‘वेळ वाढवा’ हे बटण करडे होऊन बसले होते, आणि शेजारचे तीन संगणक रिकामे होते. चाळीस सेकंदांनी पडदा काळा झाला. तो उजळला तेव्हा त्यावर ‘सुस्वागतम्’ असे लिहिलेले होते.

आता आजचे संभाषण. आपल्या प्रतिनिधीने प्रथम विचारले, “तुम्ही फाइल सेव्ह केली होती का?” डेस्कटॉपवर केली होती, असे मी सांगितले. “डेस्कटॉपवरचे पुसले जातेच, पेन ड्राइव्ह वापरायचा.” पेन ड्राइव्हची जागा आपल्याच प्रणालीने बंद ठेवली आहे, हे सांगितल्यावर थोडी शांतता झाली, कीबोर्डचा आवाज आला आणि उत्तर मिळाले, “मग महत्त्वाची कामे तुम्ही घरच्या संगणकावर का करत नाही?” महोदय, घरी संगणक असता तर मी ग्रंथालयात नंबर लावून कशाला बसलो असतो? हे मी शक्य तितक्या शांतपणे विचारले. त्यावर मला आपल्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवायला सांगण्यात आले. मी ते ग्रंथालयाच्याच संगणकावर उघडले, तर ‘हे पान वर्गीकृत नसल्याने रोखण्यात आले आहे’ अशी पाटी आली. खाली आपल्याच कंपनीचे बोधचिन्ह होते. स्वतःच्या तक्रार खिडकीला स्वतःच कुलूप लावणारी दक्षता क्वचितच पाहायला मिळते.

डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतील चौथे सूत्र ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असे आहे. आपण त्यातला फक्त ‘वेळ’ उचललेला दिसतो. आणि हो, तीन संगणक रिकामे होते, हे पुन्हा लिहितो, कारण चारही वेळा ते कोणी टिपून घेतले नाही.

सूचनेची चौकट सर्व खिडक्यांच्या पुढे यावी, रांगेत कोणी नसेल तर वेळ आपोआप वाढावी, आणि ‘घरच्या संगणकावर करा’ या उत्तराबद्दल लेखी दिलगिरी मिळावी. पंधरा दिवसांत काही न घडल्यास या पत्राची प्रत ग्रंथालयाच्या समितीपुढे ठेवीन आणि आपल्या कराराचे नूतनीकरण करताना ती वाचावी, अशी विनंती करीन. आपली प्रणाली आली तेव्हा ग्रंथपालांच्या वहीतल्या सह्या बंद झाल्या म्हणून आनंद मानणाऱ्यांत मीही होतो. त्या वहीने कधी कोणाचा अर्ज गिळला नव्हता.

उत्तर टपालाने पाठवावे. ईमेल पाठवल्यास ती वाचण्यासाठी मला पुन्हा त्याच संगणकापुढे बसावे लागेल.

आपला,
एक वाचक