‘रूपांतर यशस्वी’ कुणाच्या लेखी? फ्रेम रेट बदलणाऱ्या सॉफ्टवेअरबाबत तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : सदोष सॉफ्टवेअरचे ४,७२० रुपये परत मिळण्याबाबत व दोष लेखी मान्य करण्याबाबत.

महोदय,

साताऱ्यात माझा एका खोलीचा व्हिडिओ स्टुडिओ आहे. लग्नं, बारशी, शाळेची स्नेहसंमेलनं आणि जुन्या कॅसेटी संगणकावर उतरवून देणं एवढाच माझा धंदा. हाताखाली कुणी नाही. तुमच्या जाहिरातीत ‘कोणताही फ्रेम रेट, कोणत्याही फ्रेम रेटमध्ये, दर्जा न गमावता’ असं वाचलं (फ्रेम म्हणजे एकेक स्थिर चित्र, फ्रेम रेट म्हणजे अशी चित्रं सेकंदाला किती) आणि ४,००० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी मोजून परवाना घेतला. तुमच्या मदत विभागाशी तीनदा पत्रव्यवहार झाला. तिन्ही उत्तरं वाचून हे चौथं पत्र सविस्तर लिहायचं ठरवलं.

काम असं होतं. एका घरातल्या आजींचं वर्षश्राद्ध होतं. त्या दिवशी नातेवाइकांना त्यांच्या जुन्या चित्रणाचा तासाभराचा व्हिडिओ दाखवायचा होता. बहुतेक चित्रण इथलं, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेमचं. पण सगळ्यात मोलाची कॅसेट अमेरिकेतली होती. २००४ साली आजी नातीकडे न्यू जर्सीला गेल्या होत्या, तेव्हाची मंगळागौर. (शनिवारी केलेली. तिकडे मंगळवारी रजा कोण देणार?) कॅसेट मिनी डीव्ही (छोटी डिजिटल व्हिडिओ कॅसेट), साठ मिनिटांची, एनटीएससी या अमेरिकेतल्या पद्धतीची, सेकंदाला २९.९७ फ्रेम. ज्या कॅमेऱ्याने चित्रण झालं त्यातूनच मी ती फायरवायर केबलने संगणकावर उतरवली. साधारण १३ जीबीची फाइल झाली, चित्र आणि आवाज अगदी जुळलेले. ती तुमच्या सॉफ्टवेअरला दिली, २५ फ्रेम निवडलं, आणि रात्रभराने हिरव्या अक्षरांत संदेश आला : ‘रूपांतर यशस्वी’.

घरच्यांना दाखवायला बसलो. सुरुवातीची पूजा ठीक वाटली. पुढे पुढे काहीतरी खटकायला लागलं. पन्नासाव्या मिनिटाला आजी उखाणा घेतात. पडद्यावर त्यांचं तोंड मिटलं, बायका हसल्या, टाळ्या वाजवताना दिसल्या, आजी पदर सावरत खाली बसल्यासुद्धा, आणि मग आजोबांचं नाव ऐकू आलं. खोलीत कुणी काही बोललं नाही. थोरले चिरंजीव एवढंच म्हणाले, “आईचं असं कधी झालं नव्हतं हो.” महोदय, मी एकवीस वर्षं या धंद्यात आहे. त्या दिवशी मान वर करवेना.

घरी येऊन मोजायला बसलो. दहाव्या मिनिटाला चित्र आवाजाच्या अर्ध्या सेकंदाहून थोडं जास्त पुढे, पन्नासाव्याला तीन सेकंद, शेवटी साडेतीनहून थोडं अधिक. म्हणजे चूक एका जागी नव्हती, ती कॅसेटभर समान वाढत होती. मग तुमच्या फाइलमधल्या दोन पट्ट्यांची लांबी तपासली. आवाज ६० मिनिटं. चित्र ५९ मिनिटं ५६.४ सेकंद.

हा ३.६ सेकंदांचा आकडा कुठून आला, हे तुमच्या इंजिनिअरना लगेच ओळखता यायला हवं होतं. अमेरिकेतला फ्रेम रेट सेकंदाला ३० नाही. १९५३ साली तिथे रंगीत प्रक्षेपणाची पद्धत ठरली, तेव्हा रंगाचा संकेत आणि आवाजाचा संकेत एकमेकांत मिसळून चित्रावर जाळी उमटू नये म्हणून ३० चा वेग हजारात एक भाग कमी केला गेला. खरा दर ३०,००० भागिले १,००१. आपण सवयीने त्याला २९.९७ म्हणतो. या हिशोबाने तासाभरात १,०७,८९२ फ्रेम भरतात. तुमचं सॉफ्टवेअर हा अपूर्णांक वाचतच नाही, सरळ ३० धरतं आणि दर ३० फ्रेममधून २५ उचलतं. १,०७,८९२ ला ३० ने भागा : ३,५९६.४ सेकंद. आवाजाला मात्र हात न लावल्यामुळे तो पुरा ३,६०० सेकंदच राहतो. सेकंदाला हजारावा भाग मापात मारायचा आणि पावतीवर पुरा तास लिहायचा, असा हा प्रकार. आमच्या मंडईत वजनकाटा असा निघाला तर लोक तिथल्या तिथे हुज्जत घालतात.

दुसरा दोष डोळ्यांनी दिसतो. जुन्या व्हिडिओतली प्रत्येक फ्रेम म्हणजे दोन अर्धी चित्रं, एकात विषम ओळी, दुसऱ्यात सम, आणि या अमेरिकन कॅसेटीत दोघांत सेकंदाच्या साठाव्या भागाचं अंतर. डीव्ही कॅसेटमध्ये खालच्या ओळींचं अर्धं चित्र आधीचं असतं. तुमचं सॉफ्टवेअर वरचं आधीचं धरतं. परिणामी हलणारी प्रत्येक वस्तू तीन पावलं पुढे, एक पाऊल मागे, अशी चालते. गप्पा मारणाऱ्या माणसांत हे लपून जातं, फुगडीत लपत नाही. मंगळागौरीच्या चित्रणात फुगडीच सगळ्यात महत्त्वाची. क्रम बदलायचा पर्याय शोधला, तर तिथे ‘स्वयंचलित’ एवढं एकच बटण आणि तेही राखाडी, दाबलं न जाणारं.

मग तुमचा ‘सुलभ गती’ हा पर्याय वापरून पाहिला. त्यात दोन शेजारच्या फ्रेम एकमेकींवर विरघळवून मधली बनवली जाते. जोरात फिरणाऱ्या आजींना चार हात आले. देवीला शोभतात, आजींना नाही. फोनवरच्या चित्रणाबद्दल फार लिहीत नाही. अंधारात फोन आपला वेग आपणच कमी करतो, त्यामुळे त्या फाइलींत फ्रेममधलं अंतर सारखं नसतं. तुमचं सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेमची नोंदलेली वेळ न बघता सरासरी काढून मोकळं होतं. तिथेही ओठ आणि शब्द यांची ताटातूट.

आता तुमची उत्तरं. पहिलं : सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाका. टाकलं, दोनदा. दुसरं : तुमची मूळ फाइल सदोष असावी. तिसरं : ही सुविधा ‘प्रो’ आवृत्तीत अधिक चांगली आहे, आज घेतल्यास सवलत. जो दोष कबूल नाही त्याच्या दुरुस्तीचे वेगळे पैसे कसे मागता, हे मला समजलं नाही.

मूळ फाइल सदोष असण्याचा मुद्दा मी निकालात काढला आहे. तीच फाइल, तोच संगणक, आणि एफएफएमपेग हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर. त्याला बटणं नाहीत, काळ्या खिडकीत हुकूम टंकावे लागतात, शिकायला मला दोन रात्री गेल्या. आधी अर्ध्या चित्रांचा क्रम बरोबर सांगून त्यांची सेकंदाला ५९.९४ पूर्ण चित्रं करून घेतली, मग ती ५० वर आणली. इथलं २५ चं चित्रण ५० मध्ये प्रत्येक फ्रेम दोनदा दाखवून नेमकं बसतं, त्यामुळे सगळा व्हिडिओ ५० चा केला. चित्र ६० मिनिटं, आवाज ६० मिनिटं. फुगडीत बारीक हिसके आहेत, ते सेकंदाला दहाएक चित्रं गाळल्यावर राहणारच, पण हात दोनच आहेत आणि उखाण्यातलं नाव ओठांवर येतं. श्राद्धाच्या दिवशी हीच प्रत लावली.

वेग बदलताना काहीतरी गाळावं लागतं किंवा नव्याने बनवावं लागतं, हे मला मान्य आहे. २९.९७ चे २५ करताना सेकंदाला पाचेक फ्रेम जाणारच. ‘दर्जा न गमावता’ हे वाक्य म्हणूनच खोटं आहे. पण माझी खरी तक्रार त्या हिरव्या संदेशाबद्दल आहे. चित्राची आणि आवाजाची लांबी जुळत नाही, हे तुमच्या सॉफ्टवेअरला त्याच क्षणी कळू शकत होतं. दोन आकड्यांची वजाबाकी करायची होती. ती न करता ‘यशस्वी’ म्हटलं, आणि चूक शोधण्याचं काम माझ्यावर आणि त्या घरावर पडलं.

माझं म्हणणं एवढंच आहे : ४,७२० रुपये परत करावेत. अपूर्णांक न वाचण्याचा आणि अर्ध्या चित्रांच्या क्रमाचा दोष लेखी मान्य करावा. पुढच्या आवृत्तीत तो क्रम निवडायची सोय द्यावी आणि किती फ्रेम गाळल्या हे काम संपल्यावर दाखवावं. ‘सॉफ्टवेअर धंद्यासाठी घेतलं, म्हणून तुम्ही ग्राहक नाही’ असं कुणी कळवायच्या बेतात असेल तर ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधली ‘ग्राहक’ या शब्दाची व्याख्या आणि तिचं स्पष्टीकरण वाचावं. स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठीच घेतलेली वस्तू त्यात व्यापारी हेतूची धरलेली नाही. तक्रार मी राहतो त्या जिल्ह्यात करता येते, तुमच्या शहरात यायची गरज नाही.

पंधरा दिवस वाट पाहीन. त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. सोबत बिलाची प्रत, मूळ फाइलमधला उखाण्याचा दोन मिनिटांचा तुकडा आणि तुमच्या सॉफ्टवेअरमधून निघालेला तोच तुकडा घरच्यांच्या परवानगीने जोडला आहे. आधी मूळ पाहावा, मग तुमचा. हेडफोन लावून पाहावा ही विनंती.

आपला ग्राहक,
सातारा